मन्सी गावची गिअरपेटी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथे १९७४ पासून जुन्या मोटारींचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच तो मांडलेला असतो. फक्त मैदान अवाढव्य. अशा बाजारात कधी कधी एक गंमत पाहायला मिळते. तेलाने काळवंडलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दिसायला जुळ्या. विक्रेता एकीला ‘एम-२०’ म्हणतो, दुसरीला ‘एम-२१’, आणि दुसरीचे पैसे जास्त मागतो. गिऱ्हाईक खिशातून खडू काढतो, पेटीच्या दोन्ही टोकांच्या दांड्यांवर एकेक रेघ ओढतो, पेटी पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि पुढचा दांडा हाताने दहा वेळा फिरवतो. तोंडाने आकडे मोजत असताना नजर मात्र मागच्या दांड्यावर असते.

हा माणूस काय मोजतो आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मोटारीच्या इंजिनाची एक जन्मजात खोड आहे. ते अगदी हळू फिरत असताना त्याला जोर नसतो. बैल जागेवरून गाडी ओढू शकतो, इंजिन ओढू शकत नाही. ते आधी वेगाने फिरले पाहिजे. म्हणून इंजिन जोरात फिरावे आणि चाके सावकाश, पण अधिक जोराने फिरावीत अशी तजवीज मध्ये करावी लागते. लहान दातेरी चाकाने मोठे दातेरी चाक फिरवले की हे साधते. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास अशी निरनिराळ्या मापांची चाके दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवण्याची रीत मोटारीत आणली. रीत चांगली होती, पण वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांत घुसवायचे म्हणजे खडखडाट आलाच. जुन्या एस.टी.चे चालक गिअर बदलताना दोनदा क्लच दाबत असत आणि मध्येच इंजिनाला किंचित वेग देत असत, ते याचसाठी.

हा खडखडाट घालवला अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याने. त्याची युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली. दाते अडकण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. घर्षणामुळे दोन्हींची गती समान होते आणि मगच दाते शांतपणे एकमेकांत बसतात. पुढे या कामासाठी पितळी कडी वापरात आली. गंमत अशी की याच थॉम्पसनच्या हाताखालच्या गटाने नंतर आपोआप गिअर बदलणारी ‘हायड्रामॅटिक’ यंत्रणा तयार केली आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींपासून ती विकली जाऊ लागली. ज्याने हाताने गिअर बदलणे सोपे केले, त्यानेच ते अनावश्यकही करून टाकले! १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने ‘कॉर्व्हेट’ ही आपली वेगवान मोटार आणली तेव्हा तिच्यात हाताने बदलायचा गिअर मिळतच नव्हता.

पण वेगाच्या शौकिनांना ते पटले नाही. १९५७ मध्ये कॉर्व्हेटला चार गिअरची, हाताने चालवायची पेटी मिळाली. ही ‘टी-१०’ पेटी तीन गिअरच्या एका जुन्या पेटीवरून बेतलेली होती. चौथ्या गिअरसाठी जागा हवी म्हणून उलट्या गिअरची चाके उचलून मागच्या शेपटीसारख्या भागात नेली होती. ती बनवणारा वॉर्नर गिअरचा कारखाना इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा. समाजशास्त्राच्या शिक्षकांना हे गाव दुसऱ्याच नावाने माहीत असेल. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले ‘मिडलटाउन’ म्हणजे हेच मन्सी. १९६३ पासून जनरल मोटर्सने आपली स्वतःची चार गिअरची पेटी बनवायला घेतली, तीही याच गावातल्या आपल्या कारखान्यात. आणि गावाचेच नाव त्या पेटीला कायमचे चिकटले.

पुढच्याच वर्षी पॉन्टियाक ‘जीटीओ’ आली. मध्यम आकाराच्या मोटारीत सुमारे ६.४ लिटरचे दांडगे इंजिन बसवायचे, ही कल्पना. अशा मोटारींना पुढे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, असे नाव पडले. १९७० मध्ये एका शेव्हेल मोटारीच्या इंजिनाची शक्ती ४५० अश्वशक्ती म्हणून जाहीर झाली होती. आपल्या ॲम्बॅसडरची पन्नासच्या आसपास असे. (अमेरिकन आकडा त्या काळच्या ऐसपैस मोजणीचा आहे, पंखा, आवाजनळी वगैरे ओझी न लावता इंजिन मोजत. १९७२ पासून ती सगळी लावून मोजू लागले आणि आकडे एकदम खाली आले.) फोर्ड आणि क्रायस्लर यांनीही १९६४ मध्येच आपापल्या चार गिअरच्या पेट्या काढल्या. त्याही नामांकित आहेत, पण गणिताच्या तासाला मन्सीची पेटी अधिक उपयोगी.

या पेटीत इंजिनाकडून आलेल्या दांड्यावरचे चाक खालच्या दांड्यावरच्या चाकाला फिरवते आणि खालच्या दांड्यावरची इतर चाके वरच्या मागील दांड्यावरच्या चाकांना फिरवतात. १९६६ नंतरच्या एम-२० मध्ये पहिल्या जोडीचे दाते २१ आणि २५. पहिल्या गिअरच्या जोडीचे १७ आणि ३६. म्हणून गुणोत्तर (२५ ÷ २१) × (३६ ÷ १७), म्हणजे २.५२. एम-२१ मध्ये १७ आणि ३६ तेच राहतात, फक्त पहिल्या जोडीचे दाते २६ आणि २७ होतात. गुणोत्तर येते २.२०. दुसऱ्या गिअरच्या जोडीचे दाते १९ व ३०, तिसऱ्याच्या २२ व २७, तेही दोन्ही पेट्यांत सारखेच. चौथ्या गिअरमध्ये दोन दांडे सरळ जोडले जातात. तेथे गुणोत्तर १.

आता खडूचा अर्थ लागतो. पुढच्या दांड्याचे दहा फेरे झाले की एम-२० चा मागचा दांडा जवळजवळ चार फेरे पुरे करतो आणि एम-२१ चा साडेचारच्या किंचित पुढे जातो. अर्ध्या फेऱ्याचा हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. पेटी उघडावी लागत नाही, विक्रेत्यावर विश्वासही ठेवावा लागत नाही.

शौकिनांच्या बोलण्यात एम-२१ म्हणजे ‘जवळजवळच्या’ गिअरची पेटी. गिअर बदलताना इंजिनाची गती कमी पडते म्हणे. विद्यार्थ्यांना हे तपासायला सांगावे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करत असताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर गेले तर दोन्ही पेट्यांत गती सुमारे ४४७० वर येते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाही दोन्हींत तेच. का? कारण पहिली जोडी भागाकारात कटून जाते. खरा फरक शेवटच्या पायरीवरच पडतो. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना एम-२० मध्ये गती ४१०० च्या आसपास येते, एम-२१ मध्ये ४७०० च्या. सगळी कीर्ती या एका पायरीची आहे.

तिसरी एक पेटी होती, एम-२२. तिची गुणोत्तरे एम-२१ चीच, त्यामुळे खडूची परीक्षा येथे हरते. फरक दात्यांच्या तिरपेपणात. तिरपे दाते आवाज कमी करतात, पण चाकांना दांड्याच्या दिशेने बाजूला ढकलतात, आणि ही ढकल कोनाच्या टॅनजंटच्या प्रमाणात वाढते. एम-२२ चे दाते बरेच सरळ कापले होते. धारवे आणि पेटी यांवरचा ताण कमी झाला, पण आवाज इतका वाढला की लोकांनी तिला ‘दगडफोडी’ असेच नाव दिले. बाजूचे झाकण काढून दात्यांकडे पाहिल्याशिवाय तिची खात्री पटत नाही.

दाते सांगतात ती पेटी आज काय करते ते. ती जन्मली तेव्हा काय होती, हे तिच्यावरचे आकडे सांगतात, आणि येथेच फसवणुकीला वाव आहे. समजा, शिक्का ‘पी९ई२१बी’ असा आहे. पी म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ म्हणजे १९६९, ई म्हणजे मे महिना, २१ ही तारीख, आणि बी म्हणजे एम-२१. (त्याच दिवशी अपोलो १० चंद्राभोवतीच्या कक्षेत शिरले होते.) शिवाय पेटीवर ती ज्या मोटारीत बसवली तिच्या क्रमांकाचा काही भागही ठोकलेला असतो. मोटार आणि पेटी यांचे आकडे जुळले की किंमत कितीतरी वाढते. साहजिकच जुने आकडे घासून नवे ठोकणारेही निघाले.

पण पेटीच्या अंगावर दुसरे आकडे असतात, साच्यातूनच उठून आलेले. ते सहजासहजी बदलता येत नाहीत. ३९२५६६० हा ओतीव क्रमांक १९६८ ते १९७० च्या पेट्यांवर येतो; शेवट ६१ ने होत असेल तर पेटी १९७० ते १९७४ मधली. मे १९६९ चा शिक्का आणि ६१ चा साचा एकत्र दिसले तर कोणीतरी हात चलाखी केली आहे. ताम्रपटातला शक एका शतकाचा आणि लिपी दुसऱ्या शतकाची असली की इतिहाससंशोधक जसा सावध होतो, तसेच हे. घासलेला आकडा परत वाचण्याचा उपायही आहे. शिक्का ठोकताना खालचा धातू दबतो, आणि दबलेल्या धातूवर आम्लाची क्रिया वेगळ्या गतीने होते. म्हणून पुसलेला आकडा पुन्हा उमटू शकतो. गुन्हेतपासात ही रीत वापरतात. बाजारात आम्लाची बाटली कोण नेणार?

तेल मात्र तपासता येते. तळाचे तेल बोटावर घ्यावे आणि लोहचुंबक जवळ धरावे. सोनेरी कण चुंबकाला चिकटले नाहीत तर ते पितळी कड्यांचे. कडी झिजली आहेत, पण ती बदलता येतात. चिकटणाऱ्या टोकदार कपच्या दात्यांच्या किंवा धारव्यांच्या, आणि तो खर्च मोठा. खालच्या दांड्याचे पेटीतले भोक लंबगोल झाले आहे का, हेही पाहतात. १९६५ पर्यंत हा दांडा पाऊण इंचाहून थोडा जाड, सात अष्टमांश इंचाचा होता. १९६६ पासून एक इंचाचा झाला. वाढ दिसायला क्षुल्लक, पण वाकण्याचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आठ सप्तमांशाचा चौथा घात काढला तर तो सत्तर टक्क्यांनी वाढलेला दिसेल. म्हणून जाणकार १९६६ नंतरची पेटी मागतात.

मागणी टिकली, उत्पादन टिकले नाही. १९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्यानंतर इंजिने नरम झाली, १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, आणि १९७४ बरोबर ही पेटी बंद झाली. मन्सीतला तो कारखाना २००६ मध्ये बंद पडला. आज या पेटीचे कवच आणि चाके दोन्ही नव्याने बनवून मिळतात. त्यामुळे १९६९ च्या खऱ्या कवचात कालपरवाची चाके निघू शकतात, आणि एम-२० म्हणून जन्मलेली पेटी आतून एम-२१ झालेली असू शकते.

खडू घेऊन बसलेल्या आपल्या गिऱ्हाइकाचे दहा फेरे झाले. एम-२१ म्हणून विकायला ठेवलेल्या पेटीचा मागचा दांडा चौथ्या फेऱ्याच्या किंचित अलीकडेच थांबला. त्याने किंमत उतरवून तीच घेतली तर नवल नाही. त्याच्या मोटारीच्या मागच्या आसात ३.३१ चे गुणोत्तर असेल, तर या पेटीने पहिल्या गिअरमध्ये एकूण ८.३ मिळतात, खऱ्या एम-२१ ने ७.३ च मिळाले असते, आणि प्रत्येक सिग्नलला क्लच जळत राहिला असता.