रस्त्यांच्या देखभालीचा दुर्लक्षित इतिहास : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र

प्रस्तावना
रस्त्यांचा इतिहास बहुधा त्यांच्या उभारणीचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला, ही नोंद सर्वत्र आढळते. अशा रस्त्यांची दर पावसाळ्यानंतर डागडुजी कोणी व कोणत्या पैशातून केली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आजच्या खड्ड्यांचे मूळ शोधताना या प्रश्नाचा मागोवा घेणे आवश्यक ठरते.

लोकल फंड आणि त्याची मर्यादा
मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाऊ लागला. त्यातील दोन तृतीयांश रक्कम रस्त्यांसाठी व उर्वरित शाळांसाठी राखून ठेवली जाई. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक रूप मिळाले, तर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि ग्रामीण रस्त्यांचा मोठा भाग बोर्डांकडे, अशी विभागणी रूढ झाली.

या व्यवस्थेत एक मूलभूत दोष होता. रयतवारी पद्धतीत महसुलाचे दर सामान्यतः तीस वर्षांसाठी निश्चित होत. परिणामी त्यावर आधारलेला उपकरही जवळपास स्थिर राही. १८६३ मध्येच बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि स्थानकांकडे जाणाऱ्या मालाच्या बैलगाड्या वाढू लागल्या. वाहतूक वाढली तरी देखभालीचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढू शकत नव्हते.

मोटारयुग आणि जयकर समिती
बैलगाडीच्या लोखंडी धावा खडी चिरडत. मोटारीची वेगवान रबरी चाके खडी बांधून ठेवणारी माती व मुरूम उडवून लावत. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. समितीच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ मध्ये रस्तेनिधी उभारण्यात आला. रस्ता वापरणाऱ्याने त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. मात्र समितीच्या नावातच ‘विकास’ होता. नित्य देखभालीचा भार प्रांत व स्थानिक संस्थांवरच राहिला. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांचे वर्गीकरण केले आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे ग्रामीण रस्त्यांची जबाबदारी आली.

देखभालीचे स्वरूप
दख्खनच्या काळ्या जमिनीत रस्त्याचा खरा शत्रू पाणी होय. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. डांबराला पडलेल्या भेगेतून पाणी मुरले की पाया ढिला होतो आणि वाहनांच्या भाराने खड्डा पडतो. म्हणूनच गटारे व मोऱ्या मोकळ्या ठेवणे, साईडपट्ट्या भरणे, भेगा वेळीच बुजवणे ही कामे महत्त्वाची ठरतात. ठरावीक टप्प्यावर नेमलेला मैलकुली ही कामे करीत असे. कंत्राटी पद्धती रुळत गेली तशी ही व्यवस्था क्षीण झाली. छोटा दोष रोज पाहणारा माणूसच राहिला नाही, ही हानी निधीच्या कमतरतेइतकीच गंभीर आहे.

न्यायालयीन हस्तक्षेप
चांगल्या रस्त्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश याच न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. पूर्वी प्रशासकीय सोय मानली गेलेली देखभाल अशा रीतीने कायदेशीर दायित्व ठरली.

निष्कर्ष
वरील आढाव्यावरून असे दिसते की, शेतकऱ्याने उपकराच्या आणि वाहनधारकाने इंधनकराच्या रूपाने रस्त्यांसाठी पैसे दिले. परंतु देखभालीला वाहतुकीबरोबर वाढणारे उत्पन्न आणि निश्चित उत्तरदायी व्यक्ती क्वचितच लाभली. उद्घाटनाची कोनशिला बसते, देखभालीची बसत नाही. भरपाईचा आदेश जीव गेल्यानंतर लागू होतो; भेग बुजवण्याचे काम त्यापूर्वीच व्हावे लागते. म्हणून प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकातच देखभालीची स्वतंत्र तरतूद आणि प्रत्येक टप्प्यासाठी जबाबदार कर्मचारी असणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.