सर्पगंधेचे मूळ ते बीपीची गोळी: एका औषधाची गोष्ट

"डॉक्टर, बीपीच्या गोळ्या म्हणजे शेवटी केमिकलच. त्यापेक्षा सर्पगंधेची पूड घेतली तर? ती नैसर्गिक आहे ना?"

हा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून येतोच. "नको" एवढेच उत्तर देऊन मोकळे होता येते, पण त्याने समाधान होत नाही. कारण विचारणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. सर्पगंधेने रक्तदाब खरोखरच उतरतो. इतकेच नाही, तर बीपीच्या गोळ्यांवर आज आपण जो विश्वास ठेवतो, त्यात या मुळाचा मोठा वाटा आहे. म्हणून आज ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

औषधच नव्हते तेव्हा

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदवला गेला होता. त्यांच्याजवळ डॉक्टर होते, पण दाब उतरवणारे खात्रीचे औषध नव्हते. मीठ कमी करा, आराम करा, झोपेचे औषध घ्या, आणि अगदीच नाइलाज झाला तर मणक्याजवळच्या काही नसा कापायची शस्त्रक्रिया, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

आपल्याकडे मात्र सर्पगंधेचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. झोप न येणे, साप-विंचवाचा दंश, वेडाचे झटके अशा अनेक तक्रारींवर ते दिले जाई. बिहारकडे तर त्याला 'पागल की दवा' असेच नाव होते. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर या मुळाचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले.

मुळात नेमके काय आहे?

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी हे रसायनशास्त्रज्ञ या मुळातले घटक वेगळे करत होते. त्यांना हवी होती अल्कलॉइड्स. वनस्पतीत तयार होणारे, नायट्रोजन असलेले, बहुधा कडू आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारे पदार्थ म्हणजे अल्कलॉइड्स. चहातले कॅफीन, तंबाखूतले निकोटीन, अफूतले मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन ही सगळी त्याच कुळातली.

ती वेगळी काढण्याची जुनी पद्धत समजायला सोपी आहे. मुळाची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा. त्यात आम्लाचे पाणी घातले की अल्कलॉइड्स पाण्यात उतरतात. मग अल्कली घातली की ती पाण्यातून पुन्हा बाहेर पडतात. सिद्दीकींनी असे पाच पदार्थ मिळवले. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा ब्रुगाडा नावाचा एक धोकादायक आजार ओळखण्याच्या चाचणीत हे अजमलीन आजही वापरतात.

पण रक्तदाब उतरवणारा मुख्य घटक या पाचांत नव्हता.

मुंबईतले ५० रुग्ण

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. हे मूळ भारतात नवे नव्हते, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष त्याकडे गेले ते या लेखामुळे. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. पुढे १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तो हरवलेला घटक शोधला. अर्काचा जो राळेसारखा चिकट भाग होता, त्यात तो दडलेला होता. त्याचे नाव रेसर्पिन.

प्रयोगशाळेत तोच रेणू

रेसर्पिनच्या रेणूत सहा जागा अशा आहेत की तिथली रचना डाव्या-उजव्या हातासारखी दोन प्रकारे होऊ शकते. म्हणजे एकूण ६४ शक्यता, आणि त्यांतली एकच रेसर्पिनची. अमेरिकेतले रॉबर्ट वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ती एकच रचना प्रयोगशाळेत तयार करून दाखवली. मुळातले रेसर्पिन आणि काचेच्या भांड्यातले रेसर्पिन यांत फरक नव्हता. "नैसर्गिक की केमिकल?" या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. रेणू तोच असेल, तर तो जमिनीतून आला की कारखान्यातून, हे शरीराला कळत नाही. शरीराला कळते ती मात्रा.

औषधाने जीव वाचतो, याचा पुरावा

रक्तदाब उतरवला तर माणूस खरोखर वाचतो का, ही शंका तरीही उरलीच होती. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या अभ्यासाने १९६७ मध्ये तिचे उत्तर दिले. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. एका गटाला तीन औषधे दिली, त्यांतले एक रेसर्पिन. दुसऱ्या गटाला औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाले, औषध मिळालेल्या गटात फक्त दोघांना. "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आकडे सांगतो.

मग हे औषध मागे का पडले?

आपल्या नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन यांचे साठे असतात. रेसर्पिन ते साठे रिकामे करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. पण हीच रसायने मेंदूतही काम करतात. त्यामुळे नाक चोंदणे, गुंगी, नाडी मंदावणे, कंपवातासारखा ताठरपणा असे त्रास होऊ लागले. काही रुग्णांत, विशेषतः जास्त मात्रा घेणाऱ्यांत, खोल उदासीनता दिसली. ती कितपत औषधामुळे होती यावर पुढे वाद झाला, पण डॉक्टर सावध झाले. आणि तोवर कमी त्रासाची नवी औषधे येऊ लागली होती.

या दुष्परिणामातूनही एक चांगली गोष्ट निघाली. स्वीडनचे अर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनमुळे निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरच्या लेवोडोपा या आजच्या औषधाचा पाया तिथे घातला गेला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

तर मग पूड घ्यावी का?

रेसर्पिनची नेहमीची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. मुळात त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही बरेच कमी असते, आणि प्रत्येक झाडात, प्रत्येक पुडीत ते सारखे नसते. चमचाभर पुडीत आज किती औषध गेले, हे घरी बसून सांगता येत नाही. गोळीत ते मोजलेले असते. जंगलातली सर्पगंधा वारेमाप खोदाईने कमी झाली आहे, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून एवढे नक्की करा. स्वतःच्या मनाने सर्पगंधा सुरू करू नका. चालू गोळ्या अचानक बंद करू नका. नैराश्य, कंपवात किंवा पोटात अल्सर असेल तर या मुळापासून लांबच राहा. वैद्यांनी ती दिली असेल तर ती पुडी किंवा डबी पुढच्या वेळी माझ्याकडेही घेऊन या. मी रागावणार नाही. पण तुमच्या नाडीचा वेग कशामुळे कमी झाला, हे मला ठाऊक असायला हवे.