ताळगाव : पहिल्या कणसाचा मान आणि वाढते शहर

शहर वाढत जाते आणि त्याच्या वेशीवरचे गाव हळूहळू त्याचे उपनगर बनते, हा सर्वत्र आढळणारा क्रम आहे. मुंबईतील गिरगाव, परळ, वरळी ही एके काळी स्वतंत्र गावेच होती. आज त्यांची नावे तेवढी उरली आहेत. गोव्यातील ताळगावची कथा मात्र थोडी निराळी आहे. पणजी शहराच्या दक्षिणेस लागून असलेले हे गाव आज राजधानीचे उपनगर म्हणून ओळखले जात असले, तरी इतिहासात नाते नेमके उलटे होते. पणजी हाच एके काळी ताळगावचा एक वाडा होता. ज्या गावाच्या कुशीत शहर जन्मले, त्याच गावाला पुढे त्या शहराच्या छायेत राहावे लागले. महाजनकीच्या परंपरेत वाढलेल्या कुटुंबांनी हा इतिहास मननपूर्वक पाहावा असा आहे; कारण गाव, देऊळ आणि मान यांचा संबंध त्यात स्पष्टपणे दिसून येतो.

तिसवाडीतील इतर गावांप्रमाणे ताळगावचीही व्यवस्था गावकरी संस्थेकडे होती. जमीन कोणा एकाच्या मालकीची नसून संपूर्ण गावकरीची असे. शेते ठराविक मुदतीने पावणीस काढावयाची, येणाऱ्या उत्पन्नातून सरकारदेणे, बांधबंदिस्ती, देवळाचा खर्च आणि गावच्या सेवेकऱ्यांचे हक्क भागवावयाचे, आणि उरलेली रक्कम गावकऱ्यांनी वाटून घ्यावयाची, असा हा व्यवहार होता. पोर्तुगीजांनी 1510 साली तिसवाडी जिंकल्यानंतर ही व्यवस्था मोडून काढणे त्यांना सोयीचे वाटले नाही. 1526 साली अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या रूढी व हक्क लेखनिविष्ट केले. ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या सनदेत तिसवाडीच्या आठ मुख्य गावांमध्ये ताळगावची गणना आहे.

या सनदेतील ताळगावविषयीचे एक कलम विशेष उद्बोधक आहे. बेटावर भाताची कापणी प्रथम ताळगावच्या गावकऱ्यांनी करावयाची, असा त्यांचा मान होता. पहिल्या कणसांची पेंढी त्यांनी राजधानीतील मुख्य चर्चच्या वेदीवर अर्पण करावयाची आणि सरकारने वस्त्रे देऊन त्यांचा सन्मान करावयाचा, असे त्यात नमूद आहे. नव्या धान्याचे पहिले कणीस देवाला अर्पण करण्याची रीत अर्थातच पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची होय. गणेशचतुर्थीच्या सुमारास गोव्यातील देवळांतून व घरांतून होणारे ‘नवे’ हे त्याच रीतीचे रूप आहे. पुढे ताळगावच्या गावकऱ्यांचा धर्म बदलला, कणीस वेदीवर जाऊ लागले. परंतु कणीस तेच राहिले आणि ते प्रथम कापण्याचा मानही तोच राहिला. दरवर्षी 21 ऑगस्टला ताळगावात साजरे होणारे कणसाचे फेस्त ही त्या मानाची आजची खूण आहे.

देवळांच्या वाट्याला मात्र असे सातत्य आले नाही. 1540 साली तिसवाडीतील देवळांचा विध्वंस झाला आणि पुढील वर्षी देवळांच्या व त्यांच्या सेवेकऱ्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. देवतांना नदीपलीकडे आश्रय शोधावा लागला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास गेला. परंपरेनुसार ताळगावच्या महालक्ष्मीने डिचोली महालातील मये गावी आश्रय घेतला. मागे शेते राहिली, गावकरी राहिली. देऊळ मात्र राहिले नाही.

दरम्यान पणजीचे भाग्य उजळत होते. आदिलशाही वाड्याखेरीज सांगण्याजोगे फारसे काही नसलेल्या या दलदलीच्या वाड्यात 1759 साली व्हाइसरॉय कोंदे द एगा याने आपला निवास हलविला. रोगराईने ग्रासलेले जुने गोवे शहर ओस पडत चालले होते. एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत दलदली बुजवून रस्ते आखले गेले आणि 1843 साली पणजीस ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला. वाडा राजधानी झाला. त्यापूर्वीच, 1818 साली, पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभारण्यास परवानगी मिळाली होती. जुन्या काबिजादीत जवळजवळ तीन शतकांनी हिंदूंचे देऊळ उभे राहिले, ही घटना असामान्य होती. देवी मयेहून परत आली, पण आली ती ताळगावात नव्हे, तर नव्या शहरात. वस्ती जिकडे सरकते तिकडे मान सरकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि शहर वाढूनही दीर्घकाळ गाव गावच राहिले. ताळगावचे शेतकरी भात पिकवीत, भात निघाल्यावर त्याच शेतांत भाजी घेत आणि ती पणजीच्या बाजारात नेत. गावाकडून वाहत येणारा सांत इनेजचा नाला पणजीतून मांडवीला मिळे. गावाने शहराला पोसावे आणि शहराने गावाला रोकड द्यावी, असा हा समतोल होता.

हा समतोल 1961 नंतर बदलला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पणजी नव्या शासनाचे केंद्र बनली. कचेऱ्या वाढल्या, नोकरवर्ग वाढला, घरांची गरज वाढली. 1962 साली ग्रामपंचायती आल्या आणि गावकारभाराचा अधिकार वंशपरंपरेने येणाऱ्या गावकऱ्यांकडून मतदारांकडे गेला. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. परंतु शेतांवरील गावकरीचा ताबा सैल झाला आणि बांधांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उपस्थित झाला. 1966 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे केंद्र दोनापावलास आले आणि 1985 साली सुरू झालेल्या गोवा विद्यापीठाची वास्तू ताळगावच्या पठारावर उभी राहिली. पाठोपाठ वसाहती आल्या, सदनिका आल्या. भाताच्या खंडीवर मोजली जाणारी जमीन चौरस मीटरवर मोजली जाऊ लागली.

आज ताळगाव ग्रामपंचायतीचेच गाव आहे. परंतु 2011 च्या जनगणनेने त्याची नोंद नागरी वस्ती म्हणून केली आहे. तेथे आता दोन प्रकारचे रहिवासी शेजारी नांदतात. एकाचे नाव गावकरीच्या वहीत आहे, पण शेत उरलेले नाही. दुसऱ्याचे घर गावात आहे, पण गावच्या वहीत त्याचे नाव नाही. नवागतांना दोष देण्यात अर्थ नाही. घराची गरज खरी असते, आणि मुंबईत वा पणजीत स्थायिक झालेली महाजन कुटुंबेही कोणाच्या तरी गावात नवागत म्हणूनच राहिलेली आहेत. प्रश्न एवढाच की, ज्या गावात राहावयाचे, त्याचे बांध, नाले आणि सण हे आपले मानावयाचे की नाही.

देवळांच्या महाजनकीशी ही स्थिती ताडून पाहता येते. 1886 च्या नियमावलीने देवस्थानांचा कारभार लेखी चौकटीत बसविला आणि महाजनांच्या नावांच्या वह्या तयार झाल्या. कुटुंबे दूर गेली तरी वहीतील नाव आणि जत्रेचा दिवस यांनी त्यांना देवळाशी बांधून ठेवले. मान टिकला, कारण त्यामागे देऊळ उभे होते. आश्रयस्थानी का होईना, ते उभे ठेवण्याचा खर्च व कष्ट पूर्वजांनी सोसले होते.

ताळगावच्या मानामागे शेत उभे आहे. पहिले कणीस कापण्याचा मान जवळजवळ पाच शतकांपूर्वी कागदावर आला आणि राज्ये बदलली, धर्म बदलला, कायदे बदलले, तरी तो चालत आला. मात्र तो चालावयाचा तर प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी चिखलात उतरून लावणी केली पाहिजे आणि ती करावयास गावात शेत राहिले पाहिजे. विकत आणलेल्या कणसाने सण साजरा होईल. मान राहणार नाही. ज्या कुटुंबांच्या मालकीची वा ताब्यातील थोडीफार भातशेती शहरालगतच्या गावांत अजून शिल्लक आहे, त्यांनी तिचा सौदा करण्यापूर्वी एवढे अवश्य लक्षात घ्यावे.