मुरलेला चुना

जयपूरच्या जुन्या शहराला कोट आहे आणि त्या कोटाच्या बाहेर, आग्नेयेला, राजा पार्क. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी ही वस्ती भरभराटीला आणली. इथल्या बऱ्याच गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात, पंचवटी सर्कलभोवती संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि घरे विटांची, सिमेंटची, स्लॅबची. इथून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात कोटाचा दरवाजा लागतो. पूर्वेला आग्रा रस्त्याने गेले की घाट की गुणीची खिंड, तिथल्या छत्र्या, विद्याधर बाग आणि 1728 सालची सिसोदिया राणीची बाग. ही दोन्हीकडची बांधकामे चुन्यात झालेली. राजा पार्क त्यांच्या मधोमध सिमेंटच्या काळात उभे राहिले, त्यामुळे जयपूरच्या भिंती कुठे बदलल्या हे पाहायला ही जागा सोयीची आहे.

सवाई जयसिंहाने 18 नोव्हेंबर 1727 रोजी नव्या राजधानीचा पाया घातला. आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचा मोठा वाटा होता. मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे एक नावही या शहराच्या जन्मकथेत आहे : पंडित जगन्नाथ, ज्यांना सम्राट ही पदवी मिळाली. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण जयसिंहाच्या दरबारी गणिती होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून ‘सिद्धांतसम्राट’ रचला. ज्या जंतर मंतर वेधशाळेच्या मागे हे सारे गणित उभे आहे, तिथले आकाशमापन शेवटी गवंड्याच्या हातावर अवलंबून होते. सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची उंची सुमारे 27 मीटर. त्याच्या सावलीने वेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता यावी, तर कडा सरळ हवी आणि कमानीची वक्रता अचूक हवी.

नवे शहर वसवताना कारागिरांना मोहल्ले दिले गेले. रस्त्यांची नावे आजही तो हिशेब सांगतात : भांडी घडवणाऱ्यांचा ठठेरों का रास्ता, बांगड्या करणाऱ्यांचा मनिहारों का रास्ता, मूर्तिकारांचा खजानेवालों का रास्ता. दगड घडवणारे ते सिलावट आणि भिंत बांधून लिंपणारे ते चेजारे. शेखावाटीच्या हवेल्यांवरची चित्रेही बहुतेक याच चेजाऱ्यांनी काढली. बांधणारा आणि रंगवणारा असे दोन वेगळे धंदे तिथे सहसा नव्हते.

या चेजाऱ्यांची सर्वांत अवघड विद्या म्हणजे आराइश. संगमरवराची फरशी लावली आहे असे वाटावे इतकी गुळगुळीत आणि थंड भिंत, पण असतो तो निव्वळ चुना. चुनखडी भाजून कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विझवतात, फडक्यातून गाळतात, दही घालून मातीच्या माठात पाण्याखाली ठेवतात आणि वरचे पाणी बदलत राहतात. काही महिने झाले तर बरे, वर्ष उलटले तर उत्तम. एखाद्या घराण्याकडे किती जुना चुना आहे यावर त्याची पत ठरत असे.

भिंतीवर पहिला थर जाड असतो : चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. त्यात गूळ, गुग्गुळ, मेथीचे पाणीही पडे. हा थर लाकडी थापीने ठोकून ठोकून बसवतात. त्यावर झिंकीचा, म्हणजे संगमरवराच्या चुऱ्याचा थर. शेवटचा थर साईसारख्या बारीक चुन्याचा, कुंच्याने अनेक हात देऊन चढवलेला. चित्र काढायचे असेल तर ते याच ओल्या थरावर काढायचे : गेरू, पिवळा रामरज, हिरवा भाटा, काजळ. मग नैला नावाच्या छोट्या थापीने रंग हलक्या हाताने ठोकत आत घालायचा, जेणेकरून चुना आणि रंग एकजीव व्हावेत. त्यानंतर अकीक दगडाच्या घोंटीने घासायचे. चकाकी आली की सुके खोबरे कापडात बांधून वरून फिरवायचे, म्हणजे त्याचे तेल भिंतीत जिरते. एका दिवसात होईल तेवढाच तुकडा हाती घ्यायचा, कारण चुना सुकला की रंग आत जात नाही. चूक झाली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा सुरुवात.

यामागचे रसायन सोपे आहे. भट्टीत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भिंतीवर लावलेला चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे काम वर्षानुवर्षे चालते. थर कडक होतो, तरी त्यातून बाष्प जाऊ-येऊ शकते. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल उन्हाळ्यात बाहेर पडते.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. आपल्या किल्ल्यांवर आजही चुन्याच्या घाण्या दिसतात : गोल दगडी खोबण आणि तिच्यात बैलांनी ओढायचे जड चाक. आपल्याकडच्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ पडत असे. जिन्नस थोडे वेगळे, मळण्याचे आणि मुरवण्याचे तत्त्व एकच.

ही विद्या जयपुरात इतर बऱ्याच ठिकाणांपेक्षा जास्त टिकली, कारण तिला काम मिळत राहिले. 1799 मध्ये सवाई प्रतापसिंहासाठी लालचंद उस्तादांनी हवामहल उभारला. महाराजा रामसिंह दुसरे यांनी 1860च्या दशकात ‘मदरसा-ए-हुनरी’ सुरू केला, त्याचीच पुढे जयपूरची कलाशाळा झाली. 1876 मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून शहर गेरूच्या रंगात न्हाले. त्याच भेटीत अल्बर्ट हॉलचा पाया घातला गेला आणि 1887 मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला. त्याचे काम पाहणारे इंजिनिअर सॅम्युएल स्विंटन जेकब 1867 पासून जयपूर संस्थानच्या बांधकाम खात्यात होते.

जेकबचे महत्त्वाचे काम मात्र कागदावर आहे. 1890 पासून त्यांनी ‘जेपोर पोर्टफोलिओ’ काढायला सुरुवात केली आणि 1913 पर्यंत त्याचे 12 भाग झाले. दिल्ली, आग्रा, आमेर, जयपूर इथल्या कमानी, कोनाडे, जाळ्या, कठडे, ब्रॅकेट यांची मोजून काढलेली रेखाचित्रे त्यात आहेत. पाने मुद्दाम सुटी ठेवली, म्हणजे मिस्त्रीला हवे ते पान कामावर नेता यावे. संस्थानातल्या भारतीय नकाशानविसांच्या हातून ही चित्रे तयार झाली. आज एखाद्या झरोक्याची जागा रिकामी झालेली असेल, तर मूळ नक्षी शोधायला वास्तुविशारद याच पानांकडे वळतो.

जंतर मंतरलाही या काळात नवे आयुष्य मिळाले. 1901-02 मध्ये लेफ्टनंट गॅरेट आणि चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी यंत्रांचा जीर्णोद्धार केला. गुलेरी म्हणजे ‘उसने कहा था’ या हिंदी कथेचे लेखक. झिजलेल्या मोजपट्ट्या पुन्हा आखायच्या म्हणजे ज्योतिषी, भूमितीतज्ज्ञ आणि संगमरवर कापणारा सिलावट यांनी एकाच परांचीवर बसणे आले. 2010 मध्ये जंतर मंतर जागतिक वारसा यादीत गेले.

इकडे चुना थेट बंगालात पोहोचला. 1927 मध्ये नरसिंहलाल नावाचे जयपूरचे कारागीर शांतिनिकेतनात गेले आणि चित्रकार नंदलाल बोस व त्यांच्या विद्यार्थ्यांना जयपुरी भित्तिचित्रणाची पद्धत त्यांनी शिकवली. पुढे सयाजीराव गायकवाडांनी आपल्या घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलालांनी भिंती रंगवल्या. स्वातंत्र्यानंतर याच बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत राजस्थानी उस्ताद ग्यारसीलाल वर्मा यांनी ही पद्धत विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवली. राजस्थानात वनस्थळी विद्यापीठात देवकीनंदन शर्मांच्या पुढाकाराने भित्तिचित्रणाची शिबिरे भरू लागली. पूर्वी बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या आता कलाशाळेत प्रवेश घेणाऱ्या कुणालाही मिळू लागली.

तोपर्यंत बाजारात सिमेंटचा जम बसला होता. निर्वासितांना घर हवे होते आणि ते लगेच हवे होते. सिमेंट काही तासांत धरते, त्याला माठात मुरवावे लागत नाही. राजा पार्कसारख्या वस्तीला तेच योग्य होते, त्यात कुणाचा दोष नाही. घोटाळा पुढे झाला. हाच नवा माल जुन्या शहरातल्या चुन्याच्या भिंतींवर चढला. सिमेंटचा थर कडक आणि बंद असतो. आतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती क्षार घेऊन थराच्या मागे साठते, गिलावा फुगतो आणि पडताना मागचा जुना चुनाही ओढून नेतो. दुरुस्तीनंतर काही पावसाळ्यांतच भिंत आधीपेक्षा वाईट दिसू लागते. घरमालकाला वाटते, सिमेंट कमी पडले. म्हणून तो आणखी लावतो.

उलटे उदाहरणही फार दूर नाही. आमेरमध्ये चंवर पालकीवालों की हवेली मोडकळीला आली होती. तिची दुरुस्ती पारंपरिक सामग्रीने आणि स्थानिक कारागिरांकडून करून घेतली गेली. 2000 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आज तिथे हातठशांच्या छपाईचे अनोखी संग्रहालय आहे. इमारतीला वापर मिळाला की देखभाल होते, आणि देखभाल म्हणजे दर काही वर्षांनी चेजाऱ्याला रोजगार.

जुलै 2019 मध्ये कोटाच्या आतले जयपूर शहर जागतिक वारसा यादीत गेले. या निवडीच्या कारणांत शहराची आखणी जशी आहे, तशीच छत्तीस कारखान्यांची, म्हणजे दरबारी कार्यशाळांची, कारागिरीही आहे. म्हणजे मोहल्ल्यातला सिलावट किंवा चेजारा हाही नोंद झालेल्या वारशाचा भाग ठरला.

अडचण हिशेबाची आहे. सरकारी कामाचे पैसे वर्षाच्या मर्यादेत, मार्चअखेर, खर्च व्हावे लागतात आणि चुना मुरायला तेवढाच वेळ मागतो. ठेका सुटल्यावर चुना विझवायला घेतला, तर तो कच्चाच भिंतीवर जातो आणि उस्ताद कितीही चांगला असला तरी थर तडकतो. यावर उपाय अवघड नाही. माठ आधी भरून ठेवायचे, काम नंतर काढायचे. पण त्यासाठी अंदाजपत्रकात भिजत ठेवलेल्या चुन्याला स्वतंत्र ओळ लागते. दरम्यान आराइशची मोठी मागणी येते ती हेरिटेज हॉटेलांकडून आणि शहराबाहेरच्या नव्या बंगल्यांकडून. तिथे वेळही मिळतो, पैसाही. तरुण कारागीर घोंटी धरायला तिथे शिकतात आणि कोटातल्या पडक्या हवेलीचे काम निघाले की बोलावणे याच कारागिरांना जाते.