‘कझिन’ : चार नात्यांवरचे एक पांघरूण

दापोरा हे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील गाव. निमाड आणि खानदेश जेथे एकमेकांस भिडतात त्या टापूतले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. निमाड मात्र मध्यप्रदेशातच राहिला, आणि २००३ साली पूर्व निमाडाचे विभाजन होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासनाने सीमा आखली, पण सोयरिकी तिला जुमानीत नाहीत. एकीकडे मामाची मुलगी सून म्हणून आणण्याची मराठी चाल, दुसरीकडे तिला सख्ख्या बहिणीप्रमाणे मानणारा उत्तरेचा आचार. अशा ठिकाणी दोन माणसांचे नाते नेमके सांगण्यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि ते सांगण्यासाठी आजकाल सर्रास वापरला जाणारा शब्द आहे ‘कझिन’.

मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार निरनिराळी नाती आहेत. हिंदीतही चचेरा, फुफेरा, ममेरा, मौसेरा असा भेद आहे. इंग्रजीत या सर्वांना, स्त्री कोण नि पुरुष कोण हेही न सांगता, एकच नाव. ही अडचण आपल्या लोकांना इतकी जाणवली की त्यांनी ‘कझिन-ब्रदर’ व ‘कझिन-सिस्टर’ अशी जोडनावे प्रचारात आणली. इंग्रजास त्याचे हसू येते. परंतु गोमंतकीय वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल की पोर्तुगीज भाषेतही अशा जवळच्या भावास ‘प्रिमु-इर्मांव’ म्हणतात, आणि त्यातील ‘इर्मांव’ म्हणजे भाऊच. तेव्हा आपल्या लोकांनीच काही जगावेगळे केले असे नव्हे.

शब्दाचे मूळ शोधू गेल्यास मोठी मौज आढळते. ‘कझिन’ हा फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत आलेला लॅटिन ‘कॉन्सोब्रिनुस’, आणि त्याचा मूळ अर्थ मावसभाऊ! दोन बहिणींची अपत्ये ती ‘कॉन्सोब्रिनी’; दोन भावांची ती ‘पात्रुएलेस’, म्हणजे आपली चुलत भावंडे; आणि भाऊ व बहीण यांची अपत्ये ती ‘अमितिनी’, म्हणजे आपली आते-मामे भावंडे. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाने प्रसिद्ध केलेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या विधिग्रंथात हा भेद स्पष्ट सांगितला आहे. त्याला लागूनच अशीही नोंद आहे की सामान्य जन मात्र या सर्वांना कॉन्सोब्रिनीच म्हणतात. भेद पुसला जाण्यास तेव्हाच आरंभ झालेला होता.

तीच कथा ‘अंकल’ची आणि ‘आंट’ची. ‘अंकल’ हा लॅटिन ‘अवुंकुलुस’, म्हणजे केवळ मामा. काकासाठी ‘पात्रुउस’ हा निराळा शब्द होता. ‘आंट’ ही ‘अमिता’, म्हणजे आत्या, मावशी वेगळी. इंग्रजांच्या घरात मामाने काकाची जागा घेतली, आत्याने मावशीची, आणि मावसभाऊ सर्वांचाच भाऊ होऊन बसला. जी भाषा आपण नात्यांत दरिद्री समजतो, तिच्या पूर्वजांच्या घरी आपल्यासारखीच श्रीमंती होती.

पुढे इंग्लंडात हा शब्द आणखी सैल झाला. शेक्सपिअरच्या नाटकात क्लॉडियस राजा आपल्या पुतण्याला, हॅम्लेटला, कझिन म्हणतो. राजेलोक आपल्या बड्या सरदारांना पत्रातून कझिन म्हणून संबोधीत. तेथे रक्ताचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. १५४० साली आठव्या हेन्रीच्या कायद्याने अशा भावंडांमधील विवाहास मुभा मिळाली, आणि चारही नाती विवाहाच्या दृष्टीने सारखीच ठरली. मग भेद राखण्याचे फारसे प्रयोजन उरले नाही.

आपल्याकडे ते प्रयोजन कधीच संपले नाही. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडील विशेष आचार म्हणून मामाच्या व आत्याच्या कन्येशी होणाऱ्या विवाहाचा उल्लेख आहे. अर्जुनाची सुभद्रा ही कुंतीच्या भावाची, वसुदेवाची, मुलगी, म्हणजे मामेबहीणच. कुमारिलभट्टाला हे इतके खटकले की सुभद्रेचे नाते निराळे होते असे दाखविण्याचा त्याने प्रयत्न केला. उलट पराशरस्मृतीवरील भाष्यात माधवाचार्यांनी मातुलकन्येशी विवाहाचे समर्थन केले. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान या दोन आचारांच्या मधले दाखविले आहे. येथील अनेक ज्ञातींत मामेबहीण चालते, आतेबहीण चालत नाही. चुलत आणि मावस तर बहिणीच. जुन्या घरांतील सून सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणे, ते उगीच नव्हे. मामाच्या घरी सून म्हणून नव्हे, तर आत्याच्या घरी सून म्हणून जाणारी ही भाची आहे. कोकणीतील सासरा जो ‘मांव’, त्याच्या नावातही मामाच ऐकू येतो.

आता कायद्याकडे वळू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नात्यांची व्याख्या करताना ‘कझिन’ हा शब्द वापरला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भाऊ व बहीण यांची अपत्ये, दोन भावांची अपत्ये, दोन बहिणींची अपत्ये, अशी फोड त्यात केली आहे. जस्टिनियनच्या ग्रंथातील तीच तीन घरे! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या यादीत तर चारही बहिणी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तेथे रूढीचा अपवाद १९६३ साली जोडण्यात आला. हिंदू विवाह कायद्यात तो मुळापासूनच आहे, मात्र वर आणि वधू या दोघांनाही लागू असलेली रूढी हवी अशी अट आहे. रूढी नसेल तर विवाह मुळातच शून्य.

समजा, दापोऱ्यातील एका तरुणाचा विवाह रावेरकडील मामाच्या मुलीशी झाला, आणि पुढे वारशाच्या तंट्यात त्या विवाहावर कोणी बोट ठेवले. दोन्ही घरांत ही चाल पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे सिद्ध करावे लागेल. कोणाच्या आजीचे माहेर कोठले, कोणत्या काकाने कोणत्या मामाची मुलगी केली, हे सांगण्यास घरातील वृद्ध मंडळी उभी राहतील. ती मामेबहीण म्हणतील. ती साक्ष इंग्रजीत उतरविणाऱ्याला एका शब्दासाठी ‘आईच्या भावाची मुलगी’ असे लांबण लावावे लागेल. तेवढा कंटाळा करून त्याने नुसते ‘कझिन’ लिहिले, तर चुलतबहिणीशी झालेला विवाह आणि हा विवाह यांत कागदावर काहीच अंतर उरणार नाही.