मऊ लाकडाचे वृक्ष : ओळख आणि उपयोग

लाकडाचे ‘मऊ’ आणि ‘कठीण’ असे दोन वर्ग केले जातात. मात्र वनस्पतिशास्त्रातील हे वर्गीकरण आणि सुताराच्या हाताला जाणवणारा मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्रानुसार चीड, देवदार, फर, स्प्रूस अशा सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड तेवढे मृदुकाष्ठ होय. रुंद पानांच्या वृक्षाचे लाकूड कितीही हलके असले, तरी त्याची गणना कठीणकाष्ठात होते. त्यामुळे घनमीटरला सुमारे 160 किलो भरणारे बाल्सा कठीणकाष्ठ ठरते, तर त्याच्या चौपट जड असलेले यू या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड मृदुकाष्ठ ठरते. हा भेद लाकडाच्या रचनेवरून केला आहे. रुंदपर्णी वृक्षांत पाणी वाहून नेणाऱ्या स्वतंत्र नलिका असतात. सूचिपर्णी वृक्षांत त्या नसतात. तेथे लांबट पेशीच पाणी वाहण्याचे आणि खोडाला आधार देण्याचे काम करतात.

हिमालयातील मृदुकाष्ठे

देवदाराचे लाकूड सुगंधी, तेलयुक्त आणि टिकाऊ असल्याने इमारती, पूल व रेल्वेच्या स्लीपरांसाठी ते वापरले गेले. चिडापासून राळ आणि टर्पेंटाइन मिळते. त्याचे लाकूड पेट्या व साध्या फर्निचरला चालते. सूचिपर्णी लाकडाचा तंतू सुमारे 3 मिलिमीटर, तर रुंदपर्णी लाकडाचा साधारण 1 मिलिमीटर लांब असतो. लांब तंतूमुळे कागदाला बळकटी येते.

आपल्याकडील मऊ लाकूड

महाराष्ट्रात चीड किंवा देवदार नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक, मंचर यांसारख्या गावांत मऊ लाकूड म्हणजे बैलगाडीला आणि नांगराला चालणार नाही ते. त्या कामांना चिवट बाभूळच हवी. मऊ म्हणून ओळखले जाणारे वृक्ष शास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्व कठीणकाष्ठातले आहेत. त्यांपैकी प्रमुख असे :

सावर – वजनाला हलकी. आगकाड्या, प्लायवूड आणि खोकी यांसाठी उपयुक्त. उघड्यावर ती लवकर कुजते. पाण्याखाली मात्र बरीच टिकते.

पांगारा – सहज कोरता येणारे लाकूड. सावंतवाडीची प्रसिद्ध लाकडी खेळणी परंपरेने याच लाकडाची केली जात.

महारुख – कोरड्या हवामानात झपाट्याने वाढतो. आगकाड्या, खोकी व खेळणी यांसाठी वापर. पाला शेळ्या-मेंढ्यांना चारा म्हणून उपयोगी.

सालई – कोरड्या डोंगराळ भागातील वृक्ष. खानदेशाला लागून असलेल्या नेपानगरच्या कारखान्यात 1950 च्या दशकात वृत्तपत्री कागदासाठी हिचा लगदा वापरण्यात आला.

आंबा – मध्यम कठीण लाकूड. फळांच्या पेट्या आणि बांधकामातील सेंट्रिंगच्या फळ्यांसाठी वापरले जाते.

शेवगा – लाकूड इतके भुसभुशीत, की सुतारकामाला निरुपयोगी. याचे मोल शेंगांत आणि पाल्यात.

बाजारातील ‘पाईन’

शहरातील वखारींत ‘पाईन’ म्हणून मिळणारे बरेचसे लाकूड आयात केलेले असते. न्यूझीलंडमधील रेडिएटा पाईन कांडला बंदरातून मोठ्या प्रमाणावर देशात आले आहे. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातून परदेशी जाणारी यंत्रे व सुटे भाग ज्या लाकडी पेट्यांत भरले जातात, त्यांनाही हे हलके, खिळा सहज घेणारे लाकूड सोयीचे पडते. अशा पेट्यांतून कीड परदेशी जाऊ नये, यासाठी आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखावे लागते. या प्रक्रियेनंतर पेटीवर ‘एचटी’ अक्षरांचा शिक्का उमटवतात. हा शिक्का उष्णतेच्या प्रक्रियेचा आहे. लाकडाला पुढे वाळवी लागणार नाही, अशी हमी तो देत नाही.

ग्राहकाने आणि शेतकऱ्याने काय पाहावे?

‘मऊ’ या शब्दावरून लाकूड टाकाऊ समजू नये आणि ‘कठीण’ या शब्दावरून टिकाऊही मानू नये. देवदार मृदुकाष्ठ असून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सावर कठीणकाष्ठ असून एका पावसाळ्यात खराब होऊ शकते. फर्निचर घेताना वृक्षाचे नाव, लाकूड पुरेसे वाळवले आहे काय आणि त्यावर वाळवीरोधक प्रक्रिया झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. पाईन घरात, कोरड्या जागी ठीक. न्हाणीघराच्या चौकटीला प्रक्रियेविना वापरू नये.

बांधावर झाड लावताना ते कोणत्या कामासाठी विकले जाणार, याचा विचार आधी करावा. सावर, महारुख तोडल्यावर फार दिवस पडून राहिल्यास त्यांचे लाकूड डागाळते आणि त्याला कीड लागते. परिणामी खोक्यांसाठी विकता येण्याजोगा माल सरपणाच्या भावाने द्यावा लागतो. आंबा हा महाराष्ट्र झाडतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीतील वृक्ष असल्याने तो तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, मग झाड स्वतःच्या शेतातले का असेना. लाकडाला भाव नावावरून नव्हे, तर योग्य कामासाठी आणि योग्य वेळी झालेल्या निवडीवरून मिळतो.