निरोप्याला कोंडू नका

परवा शनिवारी वळसंगला घरी होतो. बाबांचा हयातीचा दाखला काही केल्या अपलोड होईना, पिंग मात्र झकास चालू! राउटरचा लॉग उघडला... "पॅकेट मोठं आहे, लहान करा" हे निरोप फायरवॉल गिळत होती. गेल्या दिवाळीत 'सिक्युरिटी' म्हणून पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी मीच बंद केलं होतं!

आयसीएमपीचा आरएफसी ७९२ जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिला, तो मुख्यतः वाटेतल्या चुका पाठवणाऱ्याला कळाव्यात म्हणून. डिसेंबर १९८३ मध्ये माईक म्यूस यांनी त्यावर पिंग रचलं. १९९० च्या आरएफसी ११९१ ने तर वाटेत मावेल असा पॅकेटचा आकारही याच निरोपांवर ठरवला.

असो. नियम काढला, आणि बाबा कागदोपत्री जिवंत झाले!